कुजबुज ऐकू येईना आणि मारामारीला कानठळ्या: 3.1 साउंडबारचा आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या हॉलमध्ये 3.1 साउंडबार (टीव्हीखालची लांब स्पीकरपट्टी: डावा, उजवा आणि मधला म्हणजे सेंटर असे तीन चॅनल, शिवाय खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर, म्हणजे सबवूफर) येऊन आता आठेक महिने झाले. दणदणाट हवा म्हणून नाही, संवाद ऐकू यावेत म्हणून घेतला. त्या कामात तो पास झालाय, पण खोक्यातून काढून जोडला तसाच ठेवला असता तर झाला नसता. सेंटर चॅनलची पातळी, नाइट मोड आणि टीव्हीची ऑडिओ आउटपुट सेटिंग या तिन्हींचं एकमेकींशी जमलं तेव्हा कुठे फरक पडला. दुकानात हे कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

घरात आम्ही दोघं, पहिलीतली मुलगी आणि पंचाहत्तरी ओलांडलेले सासरे, म्हणजे बाबा. सिनेमा लागतो तो मुलगी शेजारच्या खोलीत झोपल्यावर. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर बोलणं समजावं म्हणून आवाज 34 वर न्यायचा आणि गाणं किंवा पाठलाग सुरू झाला की घाईघाईने 16 वर आणायचा, हे रोजचंच. बाबा दर पाच मिनिटांनी विचारायचे, "काय म्हणाला गं तो?" पुढे पुढे त्यांनी विचारणंच सोडलं. थोडा वेळ नुसते बसायचे आणि "मी पडतो जरा" म्हणून उठून जायचे. हे मला फार लागायचं. आयुष्यभर सिनेमाची आवड असलेला माणूस फक्त आवाजापायी सिनेमा सोडतोय, हे बघवत नव्हतं.

याचं मूळ मिक्सिंगमध्ये आहे. सिनेमाचा आवाज थिएटरसाठी बांधलेला असतो. तिथे पडद्यामागचा प्रत्येक चॅनल 85 डेसिबलच्या प्रमाणावर लावतात आणि त्यावर आणखी 20 डेसिबलची जागा ठेवतात, म्हणजे स्फोट 105 पर्यंत जाऊ शकतो. फ्लॅटमध्ये तेवढा आवाज कोण ठेवणार? आपण सगळंच खाली आणतो, आणि मग कुजबुज सिलिंग फॅनच्या घरघरीखाली जाते. त्यात 5.1 मिक्समध्ये (पाच स्पीकर आणि एक सबवूफर धरून बांधलेल्या आवाजात) संवाद बहुतेक सगळे मधल्या म्हणजे सेंटर चॅनलमध्ये असतात. टीव्ही ते संगीत आणि इफेक्ट्ससकट दोन चॅनलमध्ये कोंबतो आणि खाली तोंड केलेल्या दोन छोट्या स्पीकरमधून वाजवतो. म्हणून नुसते वॉट बघून 2.1 बार घेऊ नका. त्यात आवाज वाढतो, पण संवादाला स्वतःचा स्पीकर मिळत नाही. 3.1 मधला 3 त्यासाठीच आहे.

आमच्या बारमध्ये सेंटरची पातळी वेगळी वाढवता येते. ही सोय नसलेला बार मी फुकट मिळाला तरी घेणार नाही. सेंटर चार पायऱ्या वर आणि सबवूफर तीन पायऱ्या खाली, इथे आम्ही थांबलो. सेंटर त्याहून वर नेला की बोलणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं. सबवूफर खाली आणल्याचा परिणाम मला अपेक्षेपेक्षा जास्त जाणवला. खालच्या सुरांचा घुमारा बोलण्यावर पसरतो, तो कमी झाला की शब्द मोकळे होतात. सबवूफर कोपऱ्यात ठेवलात तर तो आणखी घुमतो, तिथून हलवा. खालच्या मजल्यावर धमक जाऊ नये म्हणून त्याच्याखाली जाड रबरी मॅट घातली आहे.

आता नाइट मोड. मोठे आवाज दाबायचे आणि हळू आवाज उचलायचे, हे त्याचं काम. आमच्या बारमध्ये तो फक्त डॉल्बी सिग्नलवर, म्हणजे बारने स्वतः उलगडायच्या गुंडाळलेल्या आवाजावर चालतो, आणि टीव्ही मात्र कारखान्यातून पीसीएमवर लावलेला आला होता. पीसीएम म्हणजे टीव्ही आधी स्वतः आवाज उलगडतो आणि तयार माल बारकडे पाठवतो. त्यामुळे बारवर नाइट मोडचा दिवा लागलेला, पण ऐकण्यात काडीचाही फरक नाही! टीव्हीत डिजिटल आउटपुट 'ऑटो' केलं आणि त्याच रात्री फरक कळला. बंदुकीच्या गोळीला दचकणं थांबलं, आणि पुढच्याच दृश्यातलं दबक्या आवाजातलं बोलणं आवाज न वाढवता समजलं.

टीव्हीतही 'ऑटो व्हॉल्यूम' असतं. मालिका आणि बातम्यांना ते ठीक आहे. सिनेमात शांत प्रसंग आला की मागची सळसळ हळूहळू वर येते आणि कुणी बोलायला लागलं की झपकन खाली जाते, ते कानाला फार खुपतं. पीसीएमवर ते आणि बारचा व्हॉइस मोड (बोलणं पुढे आणणारा) दोन्ही चालू ठेवले तर आवाजावर दुहेरी प्रक्रिया होऊन तो पार सपाट होतो. कुठलंही एकच ठेवा. शिवाय दोन चॅनलचा मजकूर असेल तेव्हा आमचा बार 'स्टँडर्ड' मोडमध्ये सेंटर वापरतच नाही, तो दोन बाजूंनीच वाजतो. जुने चॅनल बघताना 'सराउंड' मोड लावला की दोन्ही बाजूंना समान असलेला आवाज, म्हणजे मुख्यतः बोलणं, सेंटरकडे येतं. हे मॅन्युअलमध्ये एका ओळीत उरकलंय, पण बाबांच्या दुपारच्या मालिकांना याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

बार ठेवायची जागाही महत्त्वाची. शोकेसच्या कप्प्यात आत सरकवला होता तेव्हा आवाज कोंदट यायचा. पुढच्या कडेपर्यंत ओढल्यावर सुधारला. आपल्याकडच्या हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स आणि उघड्या भिंती, टाळी वाजवली तरी घुमते. सोफ्यापुढे गालिचा आणि खिडकीला जाड पडदे लावल्यावर व्यंजनं जास्त स्पष्ट झाली. हा खर्च बारच्या मानाने किरकोळ आहे.

ओटीटीचा अनुभव बरा आहे. नेटफ्लिक्स संवादाची सरासरी पातळी उणे 27 एलकेएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आसपास मागतं, त्यामुळे एकातून दुसऱ्या सिनेमात गेलो तरी बोलण्याची पातळी फारशी हलत नाही. प्राइम व्हिडिओने 2023 मध्ये आणलेलं 'डायलॉग बूस्ट' ऑडिओच्या यादीत दिसलं तर जरूर लावून बघा. आम्ही बघतो त्या मराठी सिनेमांवर मला ते अजून दिसलेलं नाही. यूट्यूबवर मात्र बारचं काही चालत नाही. तिथे मोठा आवाज खाली आणतात पण हळू आवाज वर नेत नाहीत, त्यामुळे जुन्या मराठी नाटकांची रेकॉर्डिंग्ज क्षीणच राहतात आणि मध्येच जाहिरात अंगावर येते. नाटक रंगात आलेलं असताना हे झालं की खरंच वाईट वाटतं.

सेट टॉप बॉक्सवरच्या जाहिरातींचंही तेच. जाहिरातीचं शिखर, म्हणजे सर्वांत मोठा क्षण, कार्यक्रमाएवढंच असतं, पण सगळा आवाज दाबून त्या शिखराजवळ आणलेला असतो, म्हणून ती सतत मोठी वाटते. युरोपात 2010 पासून आर 128 ही आवाजाच्या पातळीची शिफारस आहे आणि तिथे सरासरी उणे 23 एलयूएफएसवर (एलकेएफएसचंच दुसरं नाव) ठेवतात. अमेरिकेत जाहिरातींच्या आवाजाचा कायदा डिसेंबर 2012 पासून लागू झाला. आपल्या 1994 च्या केबल नियमांतही जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं म्हटलंय. ते प्रत्यक्षात पाळलं जावं असं मला मनापासून वाटतं, कारण याचा त्रास सर्वांत जास्त घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि झोपलेल्या मुलांना होतो. सध्या नाइट मोडने थोडा आराम पडतो, आणि ब्रेक लागला की बाबा म्यूट दाबतात.

बाबांच्या कानांची तपासणीही आम्ही याच काळात करून घेतली. वयाप्रमाणे वरच्या सुरांचं ऐकणं कमी झालंय, आणि स, श, त, फ यांसारखी व्यंजनं तिथेच असतात. आवाज मोठा केला की स्वर मोठे होतात, शब्द तरी कळत नाहीत, ते यामुळे. घरात कुणी वारंवार "काय म्हणाला?" विचारत असेल तर बार घ्यायच्या आधी ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन या. तो खर्च आधी करण्यासारखा आहे.

तक्रारी दोन. एचडीएमआय एआरसीने (टीव्हीचा आवाज बारकडे नेणारी केबलची जोडणी) जोडल्यावर टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमीजास्त होतो, हे बाबांसाठी फार सोयीचं आहे, पण वीज जाऊन आली की कधीकधी टीव्ही बारला ओळखत नाही आणि पुन्हा स्वतःच्या स्पीकरवर जातो. बार बंद करून चालू केला की होतं. दुसरं म्हणजे क्रिकेट. व्हॉइस मोडमध्ये समालोचनाबरोबर प्रेक्षकांचा गलकाही वर येतो, म्हणून मॅचला तो बंद ठेवतो.

आता रात्रीचा सिनेमा बारच्या 12 ते 14 वर सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. रिमोट टीपॉयवर पडून असतो. बाबा शेवटपर्यंत बसतात आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कथेतल्या चुका काढतात. वीस हजारांच्या आत बार बघत असाल तर दुकानदाराला तीनच गोष्टी विचारा: सेंटर वेगळा आहे का, त्याची पातळी वेगळी वाढवता येते का, आणि नाइट मोड सगळ्या सिग्नलवर चालतो की फक्त डॉल्बीवर. तिसऱ्याचं उत्तर दुकानात मिळालं नाही तर कंपनीच्या साइटवर मॅन्युअल उघडून खात्री करून घ्या, मगच पैसे द्या.