संत्र्याच्या सालीचं तेल परदेशी: ग्रुपेज, स्वतःचा कंटेनर की मुंबईचा व्यापारी?

वरुड-मोर्शी, काटोल-नरखेडकडे सालीचं तेल काढणाऱ्या युनिटला परदेशी गिऱ्हाईक मिळालं की सगळे आधी भाडं विचारतात. भाडं नंतर बघा. या तेलात बहुतांश लिमोनिन नावाचं द्रव्य असतं आणि साधारण 50 अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेऊ शकते. या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. तो 60 अंशांपर्यंत असलेला द्रव आयएमडीजी कोडप्रमाणे (समुद्रमार्गे धोकादायक माल नेण्याचे आंतरराष्ट्रीय नियम) क्लास 3, म्हणजे ज्वलनशील. लिमोनिन जलचरांनाही घातक, त्यामुळे ड्रमवर मासा-झाडाचं चिन्हही लागतं. ‘नॅचरल आहे हो’ हे शिपिंग लाइनला सांगून उपयोग नाही.

वीस-पंचवीस ड्रम असले की ग्रुपेज, म्हणजे एलसीएल, स्वस्त वाटतं. माल ट्रकने न्हावा शेवाच्या सीएफएसला, म्हणजे बंदराजवळच्या माल-गोदामाला, जातो, तिथे उतरतो आणि इतरांच्या मालासोबत पुन्हा भरला जातो. दर चढउतारीला ड्रम आपटायची संधी. शेजारी काय ठेवलं हे तुम्हाला दिसत नाही; एकाचा कागद चुकला की सगळ्यांची पेटी अडते. धोकादायक माल घेणारे कन्सोलिडेटर, म्हणजे अनेकांचा माल एका कंटेनरात भरणारे, हेही मोजकेच. मला हा पर्याय पटत नाही.

स्वतःच्या 20 फुटी कंटेनरला भाडं पूर्ण लागतं, ड्रम कमी असले तरी. त्यात 200 लिटरचे सुमारे 80 ड्रम दोन थरांत बसतात. माल तुमच्या अंगणात तुमच्या डोळ्यांसमोर भरला जातो आणि सील लागलं की मिहान किंवा बोरखेडीच्या डेपोतून रेल्वेने बंदराकडे निघतो. हाताळणी कमी, जोखीम कमी. डेपो या क्लासचा माल घेतो का, हे मात्र आधी लेखी विचारा. खर्च बांधणीवर करा: मध्ये फट राहिली तर घाटात ड्रम सरकतात. भरलेल्या कंटेनरचं वजन, व्हीजीएम, जुलै 2016 पासून सक्तीचं आहे. गावच्या धरमकाट्यावर तोलून घेणार असाल तर त्याचं प्रमाणपत्र चालू आहे ना, बघा.

ड्रमच्या बाबतीत तडजोड नको. तळ उलटा करून पाहा: यूएनच्या खुणेसोबत 1ए1 (पक्क्या झाकणाचा पोलादी ड्रम) आणि पुढे एक्स, वाय किंवा झेड (मजबुतीचा दर्जा) असा ठसा धातूतच उमटलेला हवा. नुसतं स्टिकर असेल तर परत पाठवा. काठोकाठ भरू नका. मृग बहाराचं तेल निघेपर्यंत आपल्याकडे ऊन तापायला लागतं, आणि यार्डातल्या लोखंडी पेटीत हवेपेक्षा जास्त गरम होतं. तेल फुगतं, त्याला जागा लागते.

तिसरा पर्याय, मुंबईच्या निर्यातदाराला जागेवर विकणं. भाव कमी मिळतो, पण डीजी डिक्लरेशनवर, म्हणजे धोकादायक मालाच्या घोषणापत्रावर, सही त्याची. पहिल्या खेपेला, आणि माल थोडा असेल तर, मी हेच सुचवीन. तरी एसडीएस, म्हणजे मालाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद, तुमचाच असतो. त्यात फ्लॅश पॉइंट अंदाजाने लिहू नका, लॅबमधून काढून घ्या.

स्वतः पाठवणार असाल तर सौद्याची अट एफओबीऐवजी एफसीए नागपूर ठेवा. एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमची. एफसीएत वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की खरेदीदाराची. खोट्या डिक्लरेशनची जबाबदारी मात्र कुठल्याही अटीने सुटत नाही. 2021 मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे कंटेनर जहाज जळालं. नायट्रिक ॲसिडचा एक कंटेनर आधीपासून गळत होता आणि गुजरातमधल्या हजिरा आणि कतारच्या हमाद बंदरांनी तो उतरवून घेतला नव्हता. अशा वेळी जनरल ॲव्हरेज जाहीर झालं तर वाचलेल्या मालाच्या मालकालाही नुकसानीचा वाटा भरावा लागतो. सीआयएफने (भाडं आणि विमा किमतीत धरून) विकून विमा तुम्हीच काढणार असाल तर बहुतेक जोखमी धरणारा क्लॉज ‘ए’ घ्या, मोजक्याच धरणारा ‘सी’ नको. पण अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेली गळती ‘ए’मध्येही वगळलेली आहे, म्हणजे पुन्हा तोच ड्रमचा तळ.

शेजारच्या युनिटचे ड्रम जोडून कंटेनर भरता येतो. फक्त ते ड्रम तुमच्या सहीने जातात, तेव्हा त्यांचे ठसे आणि एसडीएस आधी स्वतः तपासा.