हिवाळी टायरांसाठी रिम: नवी स्टीलची की वापरलेली अलॉय?

हिवाळी टायर घेतले, आता ते चढवायला रिमचा दुसरा संच हवा आणि खर्चही आवरायचाय. मग मन दोन पर्यायांत अडकतं: नवी साधी स्टीलची रिम, की कुणीतरी वापरून काढलेली अलॉय.

किमतीत बहुधा फार अंतर नसतं. खरा फरक पुढे कळतो. बर्फाखाली लपलेला खड्डा लागला तर स्टील वाकतं, अलॉयला तडा जाऊ शकतो. रस्त्यावरचं मीठ दोघांनाही खातं. स्टीलवरचा गंज घासून रंग मारता येतो. अलॉयचा लेप उडाला की कडेला पांढरी भुकटी धरते आणि टायर रिमला टेकतो नेमकी तिथूनच हवा निसटत राहते. म्हणून वापरलेली रिम उलटी करून आतली कड बोटाने चाचपा. केसाएवढी चीर किंवा वेल्डिंगचा डाग दिसला तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

मापं दोन्हीकडे पाहावीच लागतात. ५×११२ म्हणजे ११२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट, ५×११४.३ जवळचं वाटलं तरी बसवायचं नाही. मधलं छिद्र मोठं असेल तर योग्य मापाच्या रिंगने भागतं, लहान असेल तर नाही. ऑफसेटही, म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून ती गाडीला टेकते त्या भागापर्यंतचं अंतर, जुळायला हवा. रिम बदलली की बोल्टही बदलावे लागू शकतात, तो खर्च आधीच धरा.

रस्ते खराब आणि गाडी बरीच वर्षं ठेवायची असेल तर स्टील घ्या. मोठ्या ब्रेकमुळे स्टीलची रिम बसतच नसेल, किंवा तुमच्याच मॉडेलचा मूळ, धडधाकट संच मिळत असेल, तर अलॉय.