लॅपटॉप कपाटात ठेवताय? फुल चार्ज की अर्धा चार्ज

आमच्याकडे जुना लॅपटॉप वर्षातून दोन-तीनदाच लागतो, आणि मी तो दरवेळी 100% चार्ज करून ठेवायचो, म्हटलं काढला की लगेच वापरता येईल. दोन उन्हाळे माळ्यावर गेले आणि टचपॅड एका बाजूने वर उचललेला दिसला, क्लिकच होईना, खालची बॅटरी फुगलेली. फार वाईट वाटलं.

लॅपटॉपच्या बॅटरीतला लिथियम-आयन सेल फुल असला की 4.2 व्होल्टच्या आसपास असतो आणि एवढ्या व्होल्टेजवर तो नुसता पडून राहिला तरी आतली रसायनं हळूहळू खराब होतात, त्यात उष्णता मिळाली की काम आणखी फास्ट. 25 अंशांना वर्षभर 40% वर ठेवलेल्या सेलची कपॅसिटी साधारण 96% उरते, फुल ठेवलेल्याची 80%च्या आसपास. फरक बघा केवढा आहे!

फुलचा फायदा एकच, घाईत उपयोगी पडतो. उद्या-परवा लागणार असेल तर खुशाल करा.

अर्ध्याला मात्र लक्ष द्यावं लागतं, कारण बंद लॅपटॉपमध्येही बॅटरी थोडी थोडी उतरते, आणि पार शून्याला गेली तर सेफ्टी सर्किट तिला चार्जच होऊ देत नाही. म्हणून मी आता 50% वर पूर्ण शटडाउन करतो, स्लीप नाही, आणि माळ्याऐवजी खालच्या कपाटात ठेवतो, मोबाइलमध्ये तीन महिन्यांचा रिमाइंडर लावलाय. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी धरतं.