लिनक्ससाठी स्वस्त कंट्रोलर : खोक्यावरचं सोडा, कर्नलला काय दिसतं ते बघा

गेमपॅडच्या खोक्यावर 'पीसी सपोर्ट' लिहिलेलं असतं, तेव्हा त्यातला पीसी म्हणजे विंडोज. लिनक्सवाल्यांचा विचार त्यात कोणी केलेला नसतो. गंमत म्हणजे बहुतेक वेळा तो करायची गरजही नसते. पॅड जोडल्यावर तो कॉम्प्युटरला स्वतःची ओळख काय सांगतो, त्यावर सगळं ठरतं. 'मी एक्सबॉक्स ३६०चा कंट्रोलर' असं त्याने सांगितलं की कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, एक्सपॅड ड्रायव्हर त्याला ताब्यात घेतो आणि विषय संपतो, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. 'मी आपला साधा जॉयस्टिक' असं सांगितलं तर पुढची डोकेदुखी तुमची. पहिली पद्धत एक्स-इनपुट, दुसरी डी-इनपुट.

सगळ्यात स्वस्त, बिननावाचे वायरवाले पॅड बहुधा दुसऱ्या जातीचे असतात. यूएसबी उपकरणांच्या यादीत त्यांच्यापुढे अनेकदा 'ड्रॅगनराइझ' असं नाव दिसतं. ते चालत नाहीत असं नाही. चालतात, पण त्यांच्या बटणांना फक्त क्रमांक असतात. तिसरं बटण म्हणजे एक्स की वाय, हे गेमला कळत नाही. अनेक गेम वापरतात त्या एसडीएल लायब्ररीच्या मॅपिंगच्या (कोणतं बटण म्हणजे काय, याच्या) यादीत तो पॅड असला किंवा स्टीम या गेमच्या अ‍ॅपमध्ये एकदा बसून सगळी बटणं ओळखून दिली, की भागतं. माझ्याकडच्या अशा एका पॅडची उजवी स्टिक पहिल्याच दिवशी आडवी हलवली की कॅमेरा आकाशाकडे जायचा. मॅपिंग करून ते सुटलं. जे सुटत नाही ते असं, की यातल्या बऱ्याच पॅडचे ट्रिगर म्हणजे नुसती बटणं असतात, दाबलं किंवा सोडलं, अधलंमधलं काही नाही. कार रेसिंगमध्ये याचा अर्थ अ‍ॅक्सिलरेटर एकतर पूर्ण, नाहीतर शून्य. जुने टू-डी गेम आणि इम्युलेटर (जुन्या गेमयंत्रांची नक्कल करणारे प्रोग्रॅम) एवढंच खेळायचं असेल तर मात्र हा पॅड खुशाल घ्या.

त्याच्या एक पायरी वर लॉजिटेकचा एफ३१०. २०१० सालचा, वायरवाला, दिसायला जुनाट. पण याच्या पाठीवर एक्स आणि डी असा चक्क सरकवायचा खटका आहे. तो एक्सवर ठेवायचा आणि विसरून जायचा. व्हायब्रेशन नाही, दिशेची बटणं जरा गुबगुबीत. 'मोड' बटण चुकून दाबलं गेलं तर दिवा लागतो आणि डावी स्टिक व दिशेची बटणं आपापसात बदलतात, तेव्हा पॅड बिघडला म्हणून घाबरू नका.

आता खरी चुरस. एकीकडे एटबिटडो, गेमसर यांसारख्या कंपन्यांचे नवे पॅड, दुसरीकडे सोनी आणि मायक्रोसॉफ्टचे जुने, वापरलेले पॅड.

नव्यांच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा म्हणजे हॉल इफेक्ट स्टिक. नेहमीच्या स्टिकखाली पोटेन्शिओमीटर असतो, तो घासून झिजतो आणि मग हात न लावता पात्र एका बाजूला चालू लागतं. हॉल सेन्सर चुंबकावर चालतो, त्यात घासायला काही नसतं. एटबिटडोच्या अल्टिमेट २सीमध्ये स्टिक आणि ट्रिगर दोन्ही तसे आहेत. एटबिटडोच्या ब्लूटूथवाल्या अनेक मॉडेलमध्ये चालू करताना एक्स आणि स्टार्ट एकत्र दाबलं की एक्स-इनपुट मोड मिळतो. ब्लूटूथपेक्षा सोबत येणारं २.४ गिगाहर्ट्झचं डोंगल वापरा, कारण ते कॉम्प्युटरला वायरवाल्या पॅडसारखंच दिसतं आणि पेअरिंगची कटकट वाचते.

एक खाच आहे. एक्सपॅड आपल्या यादीतल्याच कंपन्यांचे पॅड ओळखतो. मॉडेल अगदी नवं आणि तुमच्या डिस्ट्रोचा (उबुंटूसारख्या लिनक्सच्या अवताराचा) कर्नल जुना असेल, तर पॅडचा दिवा लागेल पण गेममध्ये काही हलणार नाही. उपाय म्हणजे नवा कर्नल, किंवा त्या पॅडचा आयडी (यूएसबी ओळख क्रमांक) एक्सपॅडला कळवणारा एका ओळीचा यूडेव्ह नियम, म्हणजे उपकरण जोडल्यावर काय करायचं ते लिनक्सला सांगणारी ओळ. शिवाय बटणं बदलायची अ‍ॅप बहुतेक विंडोज किंवा मोबाइलसाठीच असतात. फर्मवेअरची (पॅडच्या आतल्या सॉफ्टवेअरची) गोष्ट जरा बरी, एटबिटडोची काही मॉडेल लिनक्सवर एफडब्ल्यूयूपीडी या अपडेटच्या प्रोग्रॅममधूनही अपडेट होतात.

जुन्यांमध्ये माझं मत ड्युअलशॉक ४ला. २०१३चा हा पॅड कर्नल ६.२पासून सोनीच्याच हिड-प्लेस्टेशन ड्रायव्हरवर चालतो, आधी हिड-सोनीवर चालायचा. जायरो (पॅड कसा झुकवला ते ओळखणारा सेन्सर), टचपॅड, व्हायब्रेशन, सगळं मिळतं, वायरवर आणि ब्लूटूथवरही. टचपॅड मात्र माउस म्हणून जागा होतो आणि ऐन लढाईत बोट लागलं की पॉइंटर पडद्यावर फिरतो. सवय होते. पडद्यावर एबीएक्सवाय आणि हातात चौकोन-त्रिकोण, याचीही होते.

यात धोका नकलीचा. ड्युअलशॉक ४ची हुबेहूब कॉपी सर्रास विकली जाते आणि यूएसबी आयडीही खऱ्याचाच सांगते. नवा ड्रायव्हर पॅडला कॅलिब्रेशन आणि फर्मवेअरची माहिती विचारायचा, बऱ्याच नकला गप्प बसायच्या आणि ड्रायव्हर त्यांना नाकारायचा. पुढच्या कर्नलमध्ये ही अट सैल केली आहे, पण जुन्या कर्नलवर अडकायला होतं.

एक्सबॉक्सच्या वापरलेल्या पॅडमध्ये वायरवाला ३६० डोळे झाकून घ्या. वायरलेस ३६० घेताना मात्र सावध. त्याच्या चार्जिंगच्या केबलमधून फक्त वीज जाते, डेटा नाही, त्यामुळे वेगळा रिसीव्हर लागतोच. एक्सबॉक्स वनचा पॅड केबलवर बिनतक्रार चालतो. ब्लूटूथवर हवा असेल तर एक्सपॅडनिओ हा वेगळा ड्रायव्हर टाकलेला बरा, आणि २०१३च्या पहिल्या मॉडेलमध्ये ब्लूटूथच नाही.

निन्टेन्डोच्या स्विच प्रोसारखे पॅड कर्नल ५.१६पासून थेट चालतात, पण त्यांचे ट्रिगर नुसती बटणं आणि ए-बीची जागा उलटी. मुख्य पॅड म्हणून मी घेणार नाही.

तर एकच पॅड घ्यायचा आणि सगळं खेळायचं, तर एक्स-इनपुटवाला, हॉल स्टिकचा, डोंगल किंवा वायरचा नवा पॅड. जायरोने नेम धरायचा असेल आणि विकणाऱ्यावर भरवसा असेल, तर ड्युअलशॉक ४. बजेट अगदीच आखडतं असेल तर एफ३१०.

पॅड हातात आला की गेम उघडण्याआधी जेएसटेस्ट-जीटीके हा पॅड तपासायचा प्रोग्रॅम उघडा. स्टिक सोडल्यावर आकडा शून्याच्या आसपास येऊन थांबतो का, ट्रिगर हळूहळू दाबला की आकडा पायरीपायरीने चढतो की एकदम उडी मारतो, हे पाच मिनिटांत दिसतं. एकदम उडी मारली आणि पॅडवर मोडचं बटण असेल, तर आधी मोड बदलून बघा. तरीही तेच झालं तर परत करा, खोकं अजून फाडलेलं नसतं.