कॅलिफोर्नियाची मतदार पुस्तिका आणि घरपोच मतपत्रिका: पाच वर्षं वापरल्यावर लिहितेय (५ पैकी ४ स्टार)

२०२० ला मी सिटिझन झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आसपास पोस्टाने एक जाडजूड पुस्तक घरी आलं. मला वाटलं जाहिरात आहे, रिसायकलच्या डब्यात टाकणारच होते, तेवढ्यात वर राज्याचा शिक्का दिसला म्हणून उघडलं. आत बारा प्रश्न होते. उमेदवार वेगळे, पक्ष वेगळे, हे बारा प्रश्न म्हणजे बारा कायदे, आणि ते पास करायचे की पाडायचे ते आम्ही ठरवायचं, आमदारांनी नाही. मी सातारा जिल्ह्यातली, लग्न होऊन इकडे आले, आता फ्रीमाँटला राहते. मत द्यायचं म्हणजे पाच वर्षांनी एकदा चिन्हावर बटण दाबायचं एवढंच मला माहीत होतं. त्या दिवशी स्वयंपाक राहिला बाजूला, मी रात्री साडेअकरापर्यंत डायनिंग टेबलवर बसून ते वाचत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इथे लोकांच्या हातात तीन गोष्टी आहेत. इनिशिएटिव्ह म्हणजे लोकांनीच कायदा लिहायचा, सह्या गोळा करायच्या आणि तो थेट मतदानाला न्यायचा. रेफरेंडम म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा ९० दिवसांच्या आत पुरेशा सह्या आणून अडवायचा आणि मग सगळ्या राज्याने मत द्यायचं की तो राहू दे की नको. आणि रिकॉल म्हणजे निवडून दिलेल्याला मुदत संपायच्या आधीच घरी पाठवायचं. हे तिन्ही १० ऑक्टोबर १९११ च्या मतदानात आलं, हायरम जॉन्सन गव्हर्नर असताना. त्या काळात सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीचा राज्याच्या राजकारणावर एवढा पगडा होता की आमदार कुणाचे हा प्रश्नच नव्हता, म्हणून लोकांना आमदारांना वळसा घालून जाता येईल असा रस्ता काढला. आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, बायकांना मताचा अधिकार द्यायचा का हाही प्रश्न होता, मत देणारे अर्थातच सगळे पुरुष, आणि ते अख्ख्या राज्यात फक्त ३,५८७ मतांनी पास झालं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण माझ्या हातातली मतपत्रिका त्या साडेतीन हजार मतांमुळे आहे.

आता मूळ रिव्ह्यू. पुस्तिका घरटी एक येते, फुकट. सुरुवातीला प्रत्येक प्रॉपचा (प्रॉपोझिशन, म्हणजे मतदानाला ठेवलेला प्रस्ताव) अर्ध्या पानाचा सारांश असतो आणि त्यात एक चौकट असते, होय म्हणजे काय होणार आणि नाही म्हणजे काय होणार. ही चौकट म्हणजे सोनं आहे. २०२२ ला फ्लेवरवाल्या तंबाखूच्या विक्रीवरच्या बंदीचा प्रॉप ३१ होता, तो रेफरेंडम होता, म्हणजे कंपन्यांनी सह्या गोळा करून अडवलेला कायदा. माझे सासरे म्हणाले, मला तंबाखूवाल्यांना नाही म्हणायचंय, मी ‘नाही’चा गोळा रंगवतो. मी म्हटलं थांबा बाबा, चौकट वाचा. होय म्हणजे बंदीचा कायदा राहणार, नाही म्हणजे कायदा जाणार. ते बघून ते एकदम गप्प झाले, कारण बरोबर उलटं मत पडणार होतं. असा गोंधळ खूप जणांचा व्हायचा म्हणून २०२३ मध्ये कायदाच बदलला, आता रेफरेंडमच्या मतपत्रिकेवर होय आणि नाही यांच्याऐवजी कायदा ठेवा किंवा कायदा रद्द करा असंच लिहिणार आहेत. ही सुधारणा मला मनापासून आवडली.

चौकटीनंतर लेजिस्लेटिव्ह ॲनालिस्टची पानं येतात. हे ऑफिस कुणाच्या बाजूने नाही, आत्ता काय कायदा आहे, प्रस्तावाने काय बदलेल, सरकारच्या तिजोरीवर किती बोजा पडेल, सगळं साध्या भाषेत. माझा सल्ला, वेळ कमी असेल तर फक्त ही पानं वाचा. मग समर्थकांचं म्हणणं, विरोधकांचं म्हणणं, एकमेकांना दिलेली उत्तरं. इथे मात्र डोळे उघडे ठेवा, कारण पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही मतं लेखकांची आहेत आणि कुठल्याही सरकारी यंत्रणेने ती खरी आहेत का ते तपासलेलं नाही. एवढी महत्त्वाची ओळ तळाशी बारीक का, ती वर ठळक पाहिजे, आणि माझा एक स्टार मुख्यतः इथेच गेला. ही पानं सगळ्यात चटपटीत लिहिलेली असतात, अग्निशामक दलाचे लोक, नर्स, शिक्षक यांच्या सह्या खाली असतात, आणि घाईत असलेला माणूस नेमकी तीच वाचतो.

सगळ्यात शेवटी कायद्याचा अख्खा मजकूर असतो, दोन कॉलममध्ये, बारीक टायपात, ते कुणी वाचत नाही. मीही वाचत नव्हते. पण २०२० च्या प्रॉप २२ चा वाचला. ॲपवरून गाडी चालवणारे आणि डिलिव्हरीवाले हे नोकर की स्वतंत्र कंत्राटदार असा तो मुद्दा होता, उबर, लिफ्ट, डोअरडॅश वगैरे कंपन्यांनी मिळून २० कोटी डॉलरच्या वर खर्च केले होते, टीव्ही लावला की तेच. मागच्या पानांत मला एक ओळ सापडली की पुढे या कायद्यात दुरुस्ती करायची तर विधिमंडळाचं सात-अष्टमांश बहुमत लागेल. आठातले सात! ५८ टक्क्यांच्या वर मतं पडून ते पास झालं. इथे एक नियम समजून घ्यायला हवा, लोकांनी इनिशिएटिव्हने केलेला कायदा विधिमंडळाला आपणहून बदलता येत नाही, त्या कायद्यातच तशी सोय लिहिलेली असेल तरच येतो, नाहीतर परत लोकांकडेच जावं लागतं. म्हणजे आपण आज जे गोळे रंगवतो ते आपल्या नातवंडांना पुरतं.

याचं जिवंत उदाहरण आमच्या गल्लीत आहे. १९७८ चं प्रॉप १३, घरपट्टी मूळ किमतीच्या एक टक्का आणि घराची सरकारी किंमत वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढणार, घर विकलं जाईपर्यंत. शेजारच्या आजींनी घर फार पूर्वी घेतलेलं, आमचं आत्ताचं, घरं सारखीच, अंगण सारखंच, आणि टॅक्समध्ये जमीन अस्मानाचा फरक. मला आधी याचा राग यायचा. मग एकदा त्या आजी म्हणाल्या की हे नसतं तर नवरा गेल्यावर पेन्शनवर मला इथे राहता आलं नसतं. तेव्हापासून मी हो किंवा नाही पटकन बोलत नाही. शाळांना पैसा कमी पडला हेही खरं आणि आजींचं घर वाचलं हेही खरं.

आणि चांगलं बघायचं तर किती आहे. १९७२ च्या प्रॉप २० मुळे समुद्रकिनारा सांभाळणारं कोस्टल कमिशन आलं, म्हणून आज आम्ही पोरांना घेऊन हाफ मून बेला जातो तर किनाऱ्यावर जायला कुणी अडवत नाही. भांड्यांच्या खोक्यावर, पार्किंगच्या भिंतीवर कॅन्सरचा इशारा दिसतो ना, तो १९८६ च्या प्रॉप ६५ चा. तो इतक्या ठिकाणी लावलाय की लोक आता वाचत नाहीत ही गोष्ट वेगळी.

आता जिथे माझा स्वतःचा हात पोळला ते सांगते. पुस्तिका हा शेवटचा टप्पा, खरी सुरुवात दुकानाच्या दारात होते. कायदा मतदानाला न्यायचा तर मागच्या गव्हर्नरच्या निवडणुकीतल्या मतांच्या ५ टक्के सह्या लागतात, म्हणजे २०२२ नंतरच्या हिशोबाने ५,४६,६५१, घटना बदलायची तर ८ टक्के, ८,७४,६४१. एवढ्या सह्या १८० दिवसांत कार्यकर्ते कुठून आणणार, म्हणून सही गोळा करणारी माणसं पैसे देऊन ठेवतात, आणि सहीमागे पैसे. एका किराणा दुकानाबाहेर एक पोरगा चार-पाच पॅड घेऊन उभा होता, मी हातात दुधाचे गॅलन, लेक रडतेय, तो म्हणाला मुलांच्या आरोग्यासाठी आहे मॅडम. मी सही केली. घरी येऊन शोधलं तर तो मला हवा असलेला कायदा अडवण्यासाठीचा रेफरेंडम होता. रात्रभर झोप नाही लागली मला. कंपनी कुठली, दुकान कुठलं ते लिहीत नाही, चूक माझीही होती, वाचलं नव्हतं.

पण यातून एक गोष्ट कळली ती सगळ्यांना सांगते, सही मागे घेता येते! पिटिशन (सह्यांचा अर्ज) काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या कचेरीत, जमा होण्याआधी काउंटीच्या निवडणूक अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, माझी सही काढा म्हणून. मी दुसऱ्याच दिवशी पत्र नेऊन दिलं. आणि पिटिशनवर छापलेलंच असतं की हा माणूस पगारी असू शकतो, तुम्हाला विचारायचा हक्क आहे, शिवाय सगळ्यात जास्त पैसा कुणी घातलाय ती नावंही दाखवावी लागतात. आता मी आधी ती नावं बघते. दोन मिनिटं लागतात, पोरगे वैतागतात, वैतागू देत.

रिकॉलबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाहीये. २००३ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिसना काढून श्वार्झनेगर आले, १३५ उमेदवार होते मतपत्रिकेवर. २०२१ ला गव्हर्नर न्यूसमवर आला, ६१.९ टक्के लोकांनी नको म्हटलं, साधारण २० कोटी डॉलर खर्च झाला. गव्हर्नरच्या रिकॉलमध्ये दोन प्रश्न असतात, काढायचा का, आणि काढला तर कोण, आणि ज्याला काढायचंय तो दुसऱ्या प्रश्नात उभा राहू शकत नाही. म्हणजे ४९ टक्के लोक एखाद्याच्या बाजूने असले तरी तो जाणार आणि २५ टक्केवाला बसू शकणार. हे मला पटत नाही. २०२४ ला आमच्या अलमेडा काउंटीच्या डिस्ट्रिक्ट ॲटर्नीचा (निवडून आलेल्या मुख्य सरकारी वकिलाचा) रिकॉल होता, पदावर येऊन दोन वर्षंही झाली नव्हती, आणि लोकांनी काढलं. कारण काय द्यायचं यावर बंधन नाही, राज्यघटनाच सांगते की कारण पुरेसं आहे की नाही हे कुणी तपासायचं नाही. भ्रष्टाचार केला तर काढा, जरूर काढा, पण धोरण आवडलं नाही म्हणून दोन वर्षांत काढायचं तर पुढचा माणूस कुठलंही अवघड काम हातात घेईल का?

त्याच वर्षी, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, माझी आई आलेली होती. टेबलावर पुस्तिका बघून म्हणाली, एवढं काय वाचतेस परीक्षेसारखं. मी तिला समजावून सांगितलं, दहा प्रॉप आहेत यंदा, हे किमान वेतनाचं, हे भाड्याचं, हे चोरीच्या शिक्षेचं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "पास व्हायला निम्म्याच्या वर लागतात का गं? पण यादीतल्या निम्म्या, का आलेल्यांतल्या निम्म्या?"

हा प्रश्न मला चार वर्षांत सुचला नव्हता. तिला सुचला कारण तिने आडवी बाटली केलीये. गावातलं दारूचं दुकान बंद करायला आधी बायकांच्या सह्या, पंचवीस टक्के, मग मतदान, मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी, आणि आडवी जिंकायला यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं पाहिजेत, जी आली नाही ती उभ्या बाटलीच्याच बाजूने मोजल्यासारखी. आई सांगत होती, मुंबई-पुण्याला गेलेल्या सुनांना गाड्या करून आणलं, एक बाळंतीण रिक्षातून आली. मी म्हटलं, आई, इथे फक्त आलेल्या मतांतल्या निम्म्यांहून जास्त लागतात. ती म्हणाली, "मग सोपंय की तुमचं." आणि परत विचारलं, "मग घरी मत येऊनसुद्धा लोक देत नाहीत?" नाही देत गं, निम्मे तर प्रॉपपर्यंत पोचायच्या आधीच कंटाळतात असं मला वाटतं, वर उमेदवार रंगवायचे आणि खालचं सोडून द्यायचं.

घरपोच मतपत्रिकेला मात्र पूर्ण मार्क. नोंदणी चालू असलेल्या प्रत्येक मतदाराला आपोआप येते, परतीचं तिकीट लावायला नको, पाकिटावर मागे सही करायची आणि टपालात टाकायची किंवा ड्रॉप बॉक्समध्ये. कुठे पोचली त्याचा मेसेज फोनवर येतो. सासऱ्यांनी एकदा पाकिटावर मराठीत सही केली, नोंदणीत इंग्रजीत होती, तर मत बाद नाही केलं, पत्र आलं की सही जुळत नाही, हा फॉर्म भरून पाठवा. भरला, मोजलं गेलं. आता ते आधी कोऱ्या कागदावर दोनदा इंग्रजी सही करून बघतात.

भाषेचं सांगायचं राहिलं. पुस्तिका इंग्रजीशिवाय स्पॅनिश, चिनी, हिंदी, जपानी, ख्मेर, कोरियन, टागालोग, थाई, व्हिएतनामीमध्ये मिळते. मराठीत नाही, पण हिंदीची मागवली तर देवनागरीत घरी येते, फुकट, फोन करायचा किंवा ऑनलाइन मागायची. घरात वडीलधारे मतदार असतील तर आधीच मागवून ठेवा, मतपत्रिका आल्यावर घाई होते. नोव्हेंबर २०२५ ला प्रॉप ५० साठी एकाच प्रश्नाचं स्पेशल इलेक्शन झालं तेव्हाही सासऱ्यांनी हिंदीच वाचली, पेन्सिलीने खुणा करून.

२०२४ ची त्यांची हिंदी पुस्तिका मात्र घरात नाही. आईने परत जाताना बॅगेत भरली, चॉकलेटं काढून जागा केली तिच्यासाठी. म्हणाली महिला मंडळात दाखवते, ती होय-नाहीची चौकट आपल्या ग्रामसभेच्या नोटिशीवर का नको म्हणून विचारते सरपंचांना.