पहिल्या सत्राला प्रोसेसिंग की पी-फाइव्ह?

नागपुरातल्याच एका कॉलेजात यंदा इंटरॅक्टिव्ह मीडिया डिझाइनचा पहिला पेपर शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "सर, मुलांना सुरुवात कशानं करून देऊ?"

दोन्ही म्हणजे कोड लिहून चित्रं आणि हालचाली घडवण्याची साधनं. प्रोसेसिंग केसी रीस आणि बेन फ्राय यांनी 2001 मध्ये सुरू केलं. त्याच विचारातून लॉरेन मॅकार्थींनी 2013 मध्ये पी-फाइव्ह जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरला समजणाऱ्या कोडिंग भाषेत, आणलं. खर्चाचा प्रश्नच नाही, दोन्ही फुकट.

खरा फरक मेहनतीचा. प्रोसेसिंग लॅबमधल्या प्रत्येक मशीनवर टाकावं लागतं, पण एकदा टाकलं की नेट गेलं तरी तास थांबत नाही. त्यात व्हेरिएबलचा प्रकार (म्हणजे त्या नावाखाली आकडा ठेवायचा की अक्षरं) आधी सांगावा लागतो. मुलं सुरुवातीला कुरकुरतात, मला मात्र ही शिस्त आवडते. पी-फाइव्हचा वेब एडिटर ब्राउझरमध्ये उघडतो, म्हणून घरी लॅपटॉप नसलेलं पोरगंही मोबाइलवर काम दाखवू शकतं. पोळ्यानंतर मी पिवळी मारबत (आमच्याकडे मिरवणुकीत निघणारा मोठा पुतळा) विषय देतो: बोट फिरवलं की मारबत हलली पाहिजे. लिंक आईच्या फोनवर उघडते तेव्हा त्या पोराचा चेहरा बघावा! शिवाय ब्राउझरचाच फॉन्ट वापरला तर मराठी जोडाक्षरं नीट दिसतात.

आर्डुइनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा सर्किट बोर्ड), सेन्सर जोडायचे तर प्रोसेसिंग सोपं. बोर्डाशी बोलणारा तयार कोड, म्हणजे सिरियल लायब्ररी, सोबतच येते.

नेट बेभरवशाचं आणि पुढे हार्डवेअर असेल तर प्रोसेसिंग घ्या. मुलं कोडिंगला नवखी असतील, काम घरच्यांना दाखवायचं असेल, तर पी-फाइव्ह. मॅडमना मी पी-फाइव्हच सांगितलं.