सोलापुरातील एका बालवाडीच्या सहली आणि त्यानंतरचा वर्ग : एका पालकाचा अभिप्राय

विजापूर रस्त्यालगतच्या ज्या बालवाडीत आमची मुलगी मागील शैक्षणिक वर्षी होती, तिच्याविषयी प्रवेशाच्या दिवसांत अनेक पालक विचारणा करतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न मुलांना लिहायला कधी शिकवतात हाच असतो. ही बालवाडी मुलांना सहलीला कशी नेते आणि तिथून परतल्यावर वर्गात काय करते, हे आधी विचारावे असे माझे मत आहे, कारण तिचे खरे बळ तिथे आहे.

दिवाळीपूर्वी मुलांना भुईकोट किल्ल्यात नेण्यात आले. निघण्याआधी वर्गात ताईंनी एवढेच विचारले होते की, डोंगर नसेल तर शत्रूला अडवायचे कसे. आणि काटे टाकायचे, कुत्री पाळायची, दार घट्ट लावून घ्यायचे ही मुलांची सगळी उत्तरे त्यांनी फळ्यावर चित्रांच्या रूपात काढून ठेवली होती. किल्ल्यात सनावळ्या सांगितल्या गेल्या नाहीत. दुहेरी तटबंदी, बुरूज आणि खंदक दाखवले, दगडांवरून हात फिरवू दिला आणि फळ्यावरच्या कोणत्या उत्तराची खूण इथे सापडते ते मुलांनाच शोधायला सांगितले. परतल्यावर अंगणात किल्ला उभा राहिला. घरोघरी दिवाळीत होणारे किल्ले बहुधा डोंगरी असतात. हा मात्र सपाट जमिनीवरचा, भोवती खंदक असलेला होता, आणि त्या खंदकात ओतलेले पाणी पाहता पाहता जिरले. ‘ताई, पाणी पळालं,’ अशी तक्रार घेऊन मुले आली, तेव्हा ताईंनी उत्तर देण्याऐवजी बुडाला भोके पाडलेल्या तीन डब्यांत वाळू, मुरूम आणि शेतातली काळी माती भरून दिली व प्रत्येकात एकेक पेला पाणी ओतायला सांगितले. वाळूतून पाणी लगेच खाली आले, काळ्या मातीने ते धरून ठेवले, आणि मुलांनी खंदक काळ्या मातीने लिंपून घेतला. काही दिवसांनी ती माती वाळून तिला भेगा पडल्या, तेव्हा पुन्हा चर्चा झाली. सोलापूरच्या शेतकऱ्याला उन्हाळ्यात रानात दिसणाऱ्या भेगांचे कारण चार-पाच वर्षांच्या मुलांच्या हाताखाली असे आपोआप आले. मी शुल्क भरतो ते यासाठी.

शहराच्या पूर्व भागातील, विणकरांच्या वस्तीतल्या हातमागाची भेटही अशीच विचारपूर्वक आखलेली होती. यंत्रमागाच्या कारखान्यात आवाज इतका असतो की लहान मुले कान झाकून उभी राहतात आणि आडवा धागा नेणारा धोटा इतक्या वेगाने जातो की काही दिसत नाही. म्हणून हातमाग निवडला गेला, हे मला विशेष आवडले. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आपल्या घराघरांत पांघरली जाते, पण उभ्या धाग्यांतून आडवा धागा जातो आणि त्यातून कापड तयार होते, हे मुलांनी कधी पाहिलेले नसते. मागावरच्या आजोबांशी वर्गातल्या तेलुगूभाषक मुलांनी त्यांच्या भाषेत बोलावे आणि इतरांना समजावून सांगावे, अशी मोकळीक ताईंनी दिली; वर्गात फारसा न बोलणारा एक मुलगा त्या दिवशी सगळ्यांना माहिती देत होता. नंतर कित्येक दिवस वर्गात कागदी पट्ट्या, सुतळी आणि कापडाच्या चिंध्या विणणे चालले. जर्मनीत 1837 मध्ये बालशिक्षणाची संस्था सुरू करणाऱ्या फ्रोबेलच्या पद्धतीतही कागदी विणकाम होते. एक वर, एक खाली हा क्रम चुकला की नक्षी बिघडते, आणि ती चूक मुलाला कोणी न सांगता स्वतःच दिसते.

हुरड्याच्या दिवसांत जवळच्या रानात नेले होते. आगटीत भाजलेली कणसे तळहातावर चोळून दाणे काढण्यात बोटांचा जो व्यायाम होतो, तो पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडतो. एरवीही वर्गात शेंगा फोडणे, चिंचोके निवडणे, ज्वारी वेगवेगळ्या आकारांच्या भांड्यांत मापणे हे चालतेच. यातले काहीही महाग नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे (आताच्या पालघर) जिल्ह्यातील बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले, तेव्हा परिसरात मिळणाऱ्या वस्तूंमधूनच साधने घडवली होती. रंगीत प्लॅस्टिकची खेळणी मांडलेल्या बालवाड्या पाहिल्यानंतर मला हा फरक ठळकपणे जाणवला. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मुलांना न नेता तिथे मिरवणुकीत नेल्या जाणाऱ्या उंच नंदीध्वजांची माहिती वर्गातच दिली, हेही योग्य झाले. त्या गर्दीत या वयाची मुले सांभाळणे अवघड आहे.

उणिवाही आहेत आणि त्या गंभीरपणे मांडायला हव्यात. तलावाकाठी बगळे आणि पाणकावळे पाहायला नेले, त्या वेळी सोबतच्या मोठ्यांची संख्या मला अपुरी वाटली. पाण्याजवळ पाच मुलांमागे किमान एक मोठी व्यक्ती असावी, आणि त्यासाठी पालकांना बोलावले तर अनेक जण आनंदाने येतील. मार्चमधील एक सहल दुपारपर्यंत लांबली. सोलापूरच्या उन्हात हे टाळलेच पाहिजे. वर्षअखेरच्या प्रदर्शनातील बऱ्याच वस्तूंवर मुलांपेक्षा मोठ्यांचाच हात अधिक फिरलेला दिसला, आणि मुलांचा वेडावाकडा, भेगाळलेला किल्ला मात्र तिथे नव्हता, याचे मला मनापासून वाईट वाटले.

सर्वांत मोठी तक्रार जानेवारीनंतरच्या वह्यांविषयी आहे. पहिलीच्या प्रवेशाची धास्ती घेतलेल्या पालकांच्या आग्रहापुढे बालवाडी नमते आणि लहान गटालाही ओळीच्या वह्यांत अक्षरे गिरवायला देते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानून त्यात खेळ आणि कृती यांवर भर दिला आहे. व्यवस्थापनाने पालकसभेत हे धोरण वाचून दाखवावे आणि आपल्याच पद्धतीवर ठाम राहावे. ज्या ताई मातीच्या डब्यांतून इतके शिकवू शकतात, त्यांच्यावर गिरवण्याची पाने तपासण्याची वेळ येऊ नये.

सहलींसाठी वेगळे पैसे घेतले जात नाहीत, मात्र रिक्षा-व्हॅनची सोय पालकांनाच करावी लागते. प्रवेश घेण्यापूर्वी प्रदर्शनाच्या दिवशी न जाता, परवानगी घेऊन सहलीनंतरच्या एखाद्या साध्या सकाळी वर्गात बसून पाहावे; मला ती परवानगी सहज मिळाली होती.